टाकीखालचा कागद

२ नोव्हेंबर, सोमवार

नऊ फुटी टाकी आपल्यालाच मिळाली. हॉटेलच्या मॅनेजरने सकाळी दहा वाजता स्वतः फोन करून पक्कं सांगितलं. हॉटेल या महिन्यात बंद होतंय, बुधवारी येऊन उचला आणि येताना माणसं भरपूर आणा, एवढंच म्हणाला.

संध्याकाळी गिऱ्हाईकही पक्कं झालं. लहान मुलांच्या दातांची डॉक्टरीण आहे, नवा दवाखाना काढतेय. मुलं बाहेर बसून रडतात, त्यांना बघायला काहीतरी मोठं हवं, म्हणून माशांची टाकी. उद्घाटन २९ तारखेला, रविवारी अकरा वाजता. सगळं ठरल्यावर उठता उठता म्हणाली, "काचांचा जोड मात्र मोठ्या काकांच्या हातचा हवा हं. माझ्या मैत्रिणीकडे त्यांची टाकी चौदा वर्षं आहे. एक थेंब गळला नाही."

टाकी मी शोधली, गिऱ्हाईक मी आणलं, बोलून बोलून माझा घसा बसला. आणि हवा कुणाचा हात, तर दादाचा.

म्हणून ही वही. घरात बोलण्यासारखं कुणी नाही. बायकोपाशी विषय काढला की ती म्हणते, "मग व्हा ना वेगळे," आणि भाजी चिरायला लागते.

वेगळा होऊन जाऊ कुठे? आमचा धंदा म्हणजे मोठ्या जुन्या टाक्या. चार फुटांच्या खाली आम्ही हात लावत नाही. कुणी घर बदलतं, कुणाला कंटाळा येतो, कुणी मरतं. त्यांच्या टाक्या आणायच्या, दादाने जुनं सिलिकॉन काढून नवे जोड भरायचे आणि मी विकायच्या. शेड एकच आणि तिचा भाडेकरार दादाच्या नावावर. तो या महिनाअखेर संपतोय. जागेवाल्या बाईंना दोघांपैकी कुणाचीही सही चालते. दोन वर्षं मी दादाला म्हणतोय, या वेळी माझ्या नावावर कर. त्याचं उत्तर ठरलेलं: "हात चालतायत तोवर राहू दे रे. हात गेले की तुझंच आहे."

बासष्ट वर्षांचा आहे. हात काही जात नाहीत.


४ नोव्हेंबर, बुधवार

आठ हमाल, चार पट्टे, अडीच तास. काच बारा मिलिमीटरची, एक मागचा कोपरा जुनाच गळका. मुकादम प्रत्येक पावलाला विचारत होता, "मोठे, उचलू का? मोठे, वळवू का?" मी एकदा म्हटलं, "डावीकडून घ्या," तर म्हणाला, "तुम्ही जरा दारातून बाजूला व्हा."

टाकीत एकच मासा उरला होता. काळा, हातभर लांब, एक डोळा पांढरा झालेला. वेटर लोक त्याला मालक म्हणायचे, कारण तो काही करत नाही आणि खायला आधी त्यालाच द्यावं लागतं. मॅनेजर म्हणाला, "हवा तर न्या, नाहीतर स्वयंपाक्याला सांगतो."

मासा आपल्या व्यवहारात येत नाही, हा माझा नियम आहे. टाकी रिकामी घ्यायची, रिकामी द्यायची. पण दादाने शर्टाच्या बाह्या वर केल्या, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि झोपलेलं मूल उचलावं तसा त्याला उचलला. आता शेडच्या कोपऱ्यात निळ्या ड्रममध्ये मालक आहेत. दादा येता-जाता ड्रमवर टिचकी मारतो आणि तो वर येतो.

मी म्हटलं, "आता याला कोण पोसणार?"

"तुला पोसला तसा याला," दादा म्हणाला. हमाल हसले. मीही हसलो.


७ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस झाले, दादा अजून खरवडतोच आहे. पातं तिरकं धरून जुन्या सिलिकॉनचा कण अन् कण काढायचा, मग स्पिरिटने पुसायचं, मग उजेडात बघायचं, मग पुन्हा खरवडायचं. "नवं जुन्याला धरत नाही," हे वाक्य मी लहानपणापासून रोज ऐकतोय. "वरून धरल्यासारखं दिसतं. पाण्याचा पूर्ण भार आला की सुटतं."

मला वाटतं, हा निम्मा वेळखाऊपणा आहे. आजचा माल कितीतरी चांगला येतो. पण बोलायची सोय नाही.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि दादा वीसचा. त्याने कॉलेज सोडलं आणि काचवाल्याकडे कामाला लागला. मला शिकवलं, माझं लग्न करून दिलं. हे मी विसरत नाही. विसरायची संधीच कुणी देत नाही. परवा मुकादमानेही ऐकवलं, "मोठ्यांनी तुमच्यासाठी किती केलं!" उपकार करणारा एकदा करून मोकळा होतो. घेणाऱ्याला ते रोज अंगावर घालून हिंडावं लागतं.


११ नोव्हेंबर, बुधवार

रविवारी जोड भरले, आज टाकी भरली. टँकर मागवावा लागला. खाली चौफेर वर्तमानपत्रं पसरली. ही दादाची पद्धत: सात दिवस काठोकाठ भरून ठेवायची, सकाळ-संध्याकाळ कागद बघायचा. कागद कोरडा तर टाकी विकायची. कागदावर थेंबाचा डाग पडला तरी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

जोड सुरेख झालाय, हे कबूल केलं पाहिजे. बोट फिरवलं तर काच कुठे संपली ते कळत नाही.


१२ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक गोष्ट घडली.

दुपारी ड्रमचं पाणी बदलताना माझ्या हातून सांडलं. मी फडक्याने पुसून घेतलं, पिळलं आणि चहाला गेलो. पुसताना थोडं पाणी टाकीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याखाली गेलं असणार. परत आलो तर दादा गुडघ्यांवर बसलेला. त्याच्या हातात ओला कागद.

मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दादाने कागद खाली ठेवला आणि आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. उलटा केला, सुलटा केला. असा बघत होता की जणू तो हात कुणीतरी त्याच्याकडे ठेवायला दिलाय.

"धाकट्या," तो म्हणाला, "हा जोड माझाच ना रे?"

"तुझाच," मी म्हटलं.

खोटं काहीच बोललो नाही.


१४ नोव्हेंबर, शनिवार

दादाने टाकी रिकामी करून सगळे जोड पुन्हा कापले आणि खरवडायला बसलाय. जेवणाच्या सुट्टीत वहिनी डबा घेऊन आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, दोन दिवस यांच्या घशाखाली घास उतरत नाहीये. फरशी ओली असेल, बाहेरचं पाणी आलं असेल, तुम्ही बघा ना नीट. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, "वहिनी, मी स्वतः बघितलंय. वय झालं की व्हायचंच. त्यात लाज कसली?"

त्या डबा ठेवून निघून गेल्या. याच बाईंच्या हातचं जेवून मी मोठा झालो, त्यामुळे त्यांना फसवताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. उलट बोलताना माझा आवाज फार समजूतदार येत होता. मीच मला आवडलो.

दादाच्या भल्याचंच आहे हे. किती वर्षं पातं धरणार? एखाद्या दिवशी बोट कापून घेईल. सन्मानाने घरी बसला तर काय वाईट? मी सगळ्यांना सांगेन की शेवटपर्यंत उत्तम कारागीर होता.


१७ नोव्हेंबर, मंगळवार

टाकी पुन्हा भरली. नवे कागद अंथरले.

एक गंमत. दादाने घरून मिठाची पिशवी आणली आणि शिडीवर चढून आख्खी टाकीत रिकामी केली. हाताने ढवळलं. मी विचारलं, "हे काय आता?"

"पाण्याला चव हवी," म्हणाला आणि खाली उतरला.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, तुमच्या दादांचं खरंच काहीतरी बिघडलंय हं." मलाही तसंच वाटायला लागलंय. एका परीने बरंच झालं.


१८ नोव्हेंबर, बुधवार

औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर धुऊन खिशात ठेवला होता. दुपारी दादा हात धुवायला गेला तेव्हा नळाच्या बादलीतून भरून घेतला. मागचा डावा कोपरा, सहा थेंब. फार नाही.

आल्या आल्या त्याला दिसलं. कागद बदलला.


१९ नोव्हेंबर, गुरुवार

आजही सहा थेंब.

आज दादा बराच वेळ त्या कोपऱ्यापाशी उकिडवा बसला होता. ओल्या कागदावर बोट टेकवलं आणि ते बोट तोंडात घातलं. लहान मूल काहीही तोंडात घालतं तसं. मग टाकीच्या वरून पाण्यात दुसरं बोट बुडवलं आणि तेही चाखलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मला गलबलून आलं. माणूस इतका कसा खचतो? मी म्हटलं, "दादा, चहा सांगू का?"

"सांग," तो म्हणाला. "साखर जास्त घालायला सांग. तोंड अळणी झालंय."

चहा आला. त्याने तो अर्धा टाकला, उरलेल्यात पाव बुडवून खाल्ला आणि ड्रमवर टिचकी मारून मालकाशी काहीतरी बोलला. माझ्याशी दिवसभर बोलला नाही.


२० नोव्हेंबर, शुक्रवार

झालं! दादाच्या तोंडूनच आलं, मला काही म्हणावं लागलं नाही.

सकाळी आल्या आल्या म्हणाला, "धाकट्या, माझे हात गेले. सोमवारी जागेवाल्या बाईंकडे जाऊ, कागद तुझ्या नावावर करून टाकू."

मी म्हटलं, "अरे, एवढी काय घाई आहे?" असं म्हणावं लागतं.

"घाई नाही. हात गेले की तुझं, असं मीच म्हणत होतो ना?"

पुढे जे झालं त्याचा मी विचार केला नव्हता. माझा हिशेब असा होता की दादा बाजूला झाला की हीच टाकी पुसून डॉक्टरणीला द्यायची. जोड तर पक्का आहे, माझ्याइतकं ते कुणाला माहीत? पण दादाने पाण्याची नळी सोडली, टाकी रिकामी होईपर्यंत स्टुलावर बसून राहिला आणि मग पातं घेऊन आत उतरला.

"काय करतोयस?"

"माझ्या हातचं गळकं काम लोकांच्या मुलांपुढे नको."

"अरे, असू दे, मी बघतो काय ते—"

"का? गळतोय ना जोड?" पातं हवेत थांबलं होतं. "तूच बघितलंस ना?"

मी म्हटलं, "हो. गळतोय."

त्याने सर्रकन पातं ओढलं. नऊ फूट, एका दमात, रेघ मारावी तशी. मग दुसरी बाजू. मग चारही उभे कोपरे. इतका चांगला जोड तासाभरात कापून काढला आणि मी पट्ट्या गोळा करत उभा राहिलो. लांबच लांब काळ्या पट्ट्या, कुठेही न तुटलेल्या.

बाहेर आला, पातं माझ्या हातात दिलं. "वरवरचं काढलंय. काचांच्या मधलं अजून आहे. खरवडायचं काम तुझं. नवं जुन्याला धरत नाही, एवढं लक्षात ठेव."

पातं गरम होतं.


२२ नोव्हेंबर, रविवार

काल आणि आज मिळून जोड भरले. खरवडलं, जेवढं खरवडण्यासारखं होतं तेवढं. मागच्या बाजूला हात पोचत नाही, आणि मधलं जुनं इतकं घट्ट बसलंय की ते सुटणार कशाला? उलट त्याचाच आधार. वरून जाड थर दिला. दादा देतो त्याच्या दुप्पट. थोडा ओबडधोबड दिसतो, पण मजबूत दिसतो.

दादा दोन्ही दिवस शेडमध्ये होता. स्टुलावर बसून मालकाला खायला घालत होता. एकदाही टोकलं नाही, एकदाही "असं नाही, तसं" नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्यासमोर काम केलं आणि तो गप्प बसला. मान द्यायला शिकला म्हणायचा.


२३ नोव्हेंबर, सोमवार

सह्या झाल्या. शेड माझ्या नावावर. जागेवाल्या बाईंनी चष्म्यावरून दादाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मनापासून करताय ना?"

"अगदी मनापासून," दादा म्हणाला.

त्याची सही पाहून मला हसूच आलं. वळणदार, छापल्यासारखी. पेन कुठे अडलं नाही की थरथरलं नाही. हात गेलेल्या माणसाची सही!

दादाच्या घरी पेढे नेले. वहिनींनी दार उघडलं, पुडा घेतला आणि दार लावून घेतलं. आत या म्हणाल्या नाहीत. बायको म्हणते, पोटात दुखत असेल. असू दे.


२५ नोव्हेंबर, बुधवार

टाकी काल भरली, आजही कागद कोरडा. निम्मीच भरली, कारण टँकर वेळेवर आला नाही आणि उद्या ती हलवायचीच आहे. निम्म्यातही कळतंच की. मीठबीठ काही टाकलं नाही.

दादाने विचारलं, "किती दिवस ठेवणार?"

"दोन पुरे."

"छान," तो म्हणाला.


२६ नोव्हेंबर, गुरुवार

टाकी दवाखान्यात पोचली. हमाल या वेळी मला विचारत होते, कारण दादा बरोबर आलाच नाही. मुकादम मात्र म्हणाला, "मोठे नाहीत तर जरा चुकल्यासारखं वाटतं." मी त्याला म्हटलं, "पुढच्या वेळी दुसरा मुकादम बघतो, मग नाही वाटणार."

निघण्याआधी सकाळी दादा टाकीपाशी आला होता. अंगठ्याचं नख जोडावर टेकवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. मागच्या डाव्या कोपऱ्याशी नख थांबलं. तिथे त्याने ते थोडं दाबलं, मग शर्टाला पुसलं.

"सगळं खरवडलंस ना?"

"सगळं."

"काचांच्या मधलंही?"

"दादा, सगळं म्हणजे सगळं."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "एक मागू? मालक इथेच राहू दे. ड्रममध्ये सवय झालीय त्याला."

आता याला काय म्हणायचं? डॉक्टरणीला मी मोठा मासा कबूल केलाय. एवढ्या टाकीत चार बोटभर मासे काय दिसणार? मी म्हटलं, "दादा, धंदा माझा आहे आता. भावना घरी ठेव."

तो ड्रमजवळ गेला, टिचकी मारली. मासा वर आला. दादाने त्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि घरी निघून गेला.


२७ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यात टाकीच्या झाकणाची काच बसवायला आमचा जुना काचवाला आला होता. याच्याच बापाकडे दादा काम शिकला. बोलता बोलता मी त्याला दादाचा किस्सा सांगितला, म्हातारपणी कसा मीठ घालून पाण्याला चव आणत होता. हसेल असं वाटलं होतं.

तो हसला नाही. म्हणाला, "माझ्या वडिलांचीच पद्धत ती. शंका आली तर मीठ टाकायचं."

"कसली शंका?"

"खालचा कागद ओला झाला तर पाणी टाकीतलं की बाहेरचं? चाखलं की कळतं. टाकीतलं असेल तर खारट."

माझ्या हातातला पाना खाली पडला. ड्रिलचा आवाज चालू होता म्हणून बरं.

पण शांतपणे विचार केला. दादाला कळलं असतं तर तो गप्प बसला असता का? मी त्याला ओळखतो. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलणारा माणूस तो. शेड हातची जाऊ दिली असती? आपला चांगला जोड स्वतःच्या हाताने कापला असता? वेडाही करणार नाही. म्हातारपणी जिभेची चव जाते, तेच खरं. तोंड अळणी झालंय, असं तोच म्हणाला होता.

तेव्हा काही कळलेलं नाही. हा विषय इथे संपला.


२८ नोव्हेंबर, शनिवार

सगळी तयारी झाली. टाकी मुलांच्या बसायच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीला लावली आहे. पाऊण भरली. वरची पाऊण फूट जागा उद्या दिवे बसल्यावर सकाळी नऊला भरायची आहे. मालक आत आहेत. सोडल्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्यात तोंड लावून उभे आहेत, हलत नाहीत. मुलांना आवडायला हवेत, म्हणून मी काचेवर टिचक्या मारून पाहिल्या. माझ्या टिचकीला वर येत नाहीत.

सवयीने मीही खाली कागद घातला होता. संध्याकाळी निघताना मागच्या डाव्या कोपऱ्यातला किंचित ओलसर लागला. फरशी पुसणाऱ्या बाईंना विचारलं, "इथे फडकं मारलंत का?" त्या म्हणाल्या, "सगळीकडेच मारलंय." म्हणजे तेच असणार. फडक्याचं पाणी कसं आत जातं ते मी स्वतः पाहिलंय. मीठ टाकलं असतं तर खात्री झाली असती, हा विचार मनात आला, पण आता आत मासा आहे. कागद काढून टाकला. उद्घाटनात टाकीखाली वर्तमानपत्र बरं दिसत नाही.

डॉक्टरणीने एक विचित्र गोष्ट सांगितली. दुपारी दादाचा तिला फोन आला होता.

"काका म्हणाले, उद्या मुलांना टाकीच्या बाजूला अजिबात बसवू नका. बाकं सगळी आतल्या खोलीत घ्या, मधलं दार लावून घ्या, आणि फीत कापणं वगैरे बाहेर पायऱ्यांवर करा. असं का हो?"

मी म्हटलं, "वय झालंय त्यांचं. कुठलंही शुभकार्य असलं की त्यांना धास्ती वाटते."

"मी तसंच करणार आहे हं," ती म्हणाली. "मुलांच्या बाबतीत मी रिस्क घेत नाही. अकरा वाजता आधी बाहेर कार्यक्रम, मग एकेकाला आत आणून दाखवू." मग हसली. "पण तुमच्याबद्दल किती अभिमानाने बोलत होते! म्हणाले, जोड माझा नाही, माझ्या धाकट्या भावाचा आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्या एकट्याच्या हातचा, हे सगळ्यांना सांगा. आणि पाणी पूर्ण भरलं की त्याला टाकीला टेकून उभा करा आणि फोटो काढा. त्याचा मान आहे."

मी तोंड फिरवलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. चाळीस वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होतो. माझ्यासमोर बोलायला त्याची जीभ वळत नाही, पण परक्या माणसापाशी मन मोकळं केलं त्याने. जे केलं ते योग्यच केलं, याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

घरी जाताना त्याच्या दारावरून गेलो. पायरीवर बसला होता. शेजारी निळा ड्रम, स्वच्छ धुऊन, काठोकाठ भरलेला. मी विचारलं, "मासा तर गेला, आता ड्रम कशाला भरून ठेवलास?"

"लागेल," तो म्हणाला.

"येणार ना उद्या?"

"येणार तर. दहापासून बाहेर पायऱ्यांवर असेन. बादली घेऊन."

"बादली कशाला?"

तो माझ्याकडे बघून हसला. लहानपणी मी पहिल्यांदा सायकलवर बसलो आणि त्याने मागचा हात सोडला, तेव्हा हसला होता तसा.

"तू शर्ट चांगला घाल," म्हणाला.

बायकोने पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. नऊला पाणी भरायला सुरुवात, साडेदहापर्यंत टाकी काठोकाठ. अकराला फीत. त्यानंतर लगेच फोटोवाला आत येईल, आणि मी टाकीला टेकून मागच्या डाव्या कोपऱ्याशी उभा राहणार आहे, कारण मालक तिथून हलत नाहीत आणि फोटोत तेही यायला हवेत.